झाओचा अनाथ: चेंग यिंगचं वागणं तुम्हाला पटतं का?

गोदाकाठ

मंडळी, चीनच्या जुन्या गोष्टी म्हटलं की आपल्याकडे गप्पा वानरराजा आणि मुलानच्या पुढे फारशा सरकत नाहीत. आज जी गोष्ट सांगतोय ती या दोन्हींपेक्षा जुनी आहे आणि ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

इ.स.पू. सहावं शतक. जिन राज्य, म्हणजे आजचा शान्शी प्रांत आणि आसपासचा मुलूख. तिथलं झाओ हे बडं सरदार घराणं. तु-आन गु नावाच्या मंत्र्याने एका जुन्या राजहत्येचा ठपका या घराण्यावर ठेवला आणि झाओ दुनचा मुलगा झाओ श्वो, त्याचे चुलते, सगळ्यांची कत्तल करवली. श्वोची बायको राजघराण्यातली होती आणि गरोदर होती. ती राजवाड्यात लपली. मुलगा झाला. तु-आन गुची माणसं झडती घ्यायला आली तेव्हा तिने बाळाला आपल्या सलवारीत लपवलं आणि मनात म्हणाली, झाओंचा वंश बुडायचाच असेल तर रड, नाहीतर गप्प राहा. बाळ गप्प राहिलं.

आता दोन माणसं. गोंगसुन चुज्यू हा श्वोच्या पदरचा, चेंग यिंग हा श्वोचा मित्र. एक झडती टळली, पण पुढची कधीही होणार हे दोघांनाही ठाऊक. गोंगसुनने विचारलं, "मरणं आणि पोर वाढवणं, यांत अवघड काय?" चेंग म्हणाला, "मरणं सोपं. पोर वाढवणं अवघड." गोंगसुन म्हणाला, "झाओंनी तुला फार मायेने वागवलं. तू अवघड घे, सोपं मी घेतो."

मग त्यांनी कुणाचं तरी तान्हं मूल मिळवलं, त्याला भरजरी दुपट्यात गुंडाळलं, आणि गोंगसुन ते घेऊन डोंगरात लपला. चेंगने सरदारांकडे जाऊन हजार सुवर्णांच्या बदल्यात ठिकाण सांगितलं. गोंगसुनने सगळ्यांसमोर त्याला नीच म्हणून शिव्या घातल्या, बाळाला तरी सोडा म्हणून गयावया केली. दोघांनाही मारलं. खरं बाळ चेंगकडे होतं. पुढची पंधरा वर्षं तो विश्वासघातकी म्हणून जगला.

मुलगा, झाओ वू, मोठा झाला, घराण्याची जहागीर परत मिळाली, तु-आन गुचा निर्वंश झाला. वू वयात आल्यावर चेंग म्हणाला, आता खाली जाऊन झाओ दुन आणि गोंगसुनला कळवायला हवं. वू रडला, पाया पडला. चेंगने ऐकलं नाही, स्वतःचा जीव घेतला.

तुम्हाला हा माणूस पटतो का? आणि अशा आणखी गोष्टी ठाऊक असतील तर जरूर लिहा.

ओवी

वाचून अंगावर काटा आला. पण मी एका वाक्यावर अडकले. "कुणाचं तरी तान्हं मूल." कुणाचं? त्याच्या आईला विचारलं होतं का? दोन मोठी माणसं अवघड आणि सोपं वाटून घेतात, आणि तिसऱ्याला त्यात न विचारता ओढतात. मला अजिबात पटत नाही.

चकोर

पन्ना दाई आठवली. उदयसिंहाला वाचवायला तिने बनवीरासमोर स्वतःचा चंदन झोपवला. तिथे निदान मूल तिचं स्वतःचं होतं.

रानवारा

आणि कृष्णाची गोष्ट! वसुदेवाने यशोदेची मुलगी आणून ठेवली, तीही दुसऱ्याचीच. पण ती कंसाच्या हातून निसटून आकाशात गेली. इथे बाळासाठी कुठलाही देव येत नाही, हे फार टोचतं.

जुना_वाचक

चांगला विषय काढलात गोदाकाठ. ओवीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर चिनी लोकांनीच शोधलंय, फक्त त्याला हजार-बाराशे वर्षांहून जास्त काळ लागला.

गोदाकाठ यांनी सांगितलेलं रूप सिमा छियेनच्या 'शिजी' या इतिहासग्रंथातलं आहे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीचं. तेराव्या शतकात, मंगोल युआन राजवटीत, जी जुनश्यांग नावाच्या नाटककाराने यावर नाटक लिहिलं. त्याने तीन गोष्टी बदलल्या.

एक, चेंग यिंग गावचा वैद्य झाला. तो बाळाला औषधांच्या पेटीत घालून राजवाड्याबाहेर काढतो. दारावरचा सेनापती हान ज्युए पेटीत काय आहे ते ओळखतो, त्याला जाऊ देतो आणि तिथेच स्वतःला संपवतो.

दोन, तु-आन गु फर्मान काढतो की अनाथ सापडला नाही तर राज्यातली सहा महिन्यांच्या आतली सगळी बाळं मारली जातील. म्हणजे आता प्रश्न एका घराण्याचा राहत नाही, गावोगावच्या पाळण्यांचा होतो.

तीन, आणि हे महत्त्वाचं: बदली दिलेलं मूल चेंगचं स्वतःचं आहे.

त्यापुढे तर कमालच. तु-आन गु खूश होऊन चेंगच्या "मुलाला" मांडीवर घेतो, दत्तक घेतो, घोडेस्वारी शिकवतो. वीस वर्षांनी चेंग त्या मुलासमोर एक चित्रांची गुंडाळी उलगडतो आणि एकेका चित्रावरून सांगतो, हा कोण, तो कोण, आणि हे बाळ कोण.

हे युरोपात पोचलेल्या पहिल्या चिनी नाटकांपैकी. प्रेमार नावाच्या जेझुइट मिशनऱ्याने फ्रेंच भाषांतर केलं, ते १७३५ साली छापलं गेलं. त्याने त्यातली गाणी मात्र गाळली, आणि त्या नाट्यप्रकारात गाणी हाच तर जीव असतो! व्होल्तेअरने ते वाचून १७५५ साली पॅरिसच्या रंगभूमीवर स्वतःचं नाटक आणलं. त्याने कथा चंगीझ खानाच्या काळात नेली.

ओवी

म्हणजे त्या नाटककारालाही ते "कुणाचं तरी" सहन झालं नाही! किंमत त्याने चेंगच्या स्वतःच्या घरातून वसूल केली. मला आता नाटककार इतिहासकारापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

चकोर

मला उलट वाटतं. नाटकात चेंग थोर होतो, आपण डोळे पुसतो आणि मोकळे होतो. शिजीत आपल्याला मोकळं होता येत नाही. तीच गोष्ट जास्त खरी.

शिलालेख

"खरी" म्हणताय म्हणून लिहितोच. याहून जुनी नोंद 'झुओझुआन' या बखरीत आहे. तिथे तु-आन गु नाही. चेंग यिंग नाही. गोंगसुन नाही. बदली बाळही नाही.

तिथे काय आहे? श्वोच्या विधवेचे तिच्या चुलतसासऱ्याशी, झाओ यिंगछीशी, संबंध होते. त्याच्या भावांनी त्याला हद्दपार केलं. तिने राजाकडे जाऊन त्या भावांवर बंडाचा आळ घेतला, आणि इ.स.पू. ५८३ मध्ये झाओ घराणं कापलं गेलं. लहानगा वू आईबरोबर राजवाड्यात सुखरूप वाढत होता. हान ज्युएने राजाची समजूत घातली आणि जमिनी परत मिळाल्या. बस्स.

म्हणजे शिजीत बाळाला लपवून प्रार्थना करणारी आई ती हीच, जिच्या आळामुळे घराणं बुडालं. सिमा छियेनला झुओझुआनमधली हकिगत माहीत होती. शिजीच्याच दुसऱ्या प्रकरणात, जिन राज्याच्या इतिहासात, त्याने साधारण तीच दिली आहे. तरीही झाओंच्या प्रकरणात त्याने चेंग यिंगची गोष्ट घेतली. मी यावर बराच विचार केलाय. माझ्या मते त्याला ती गोष्ट सोडवेना.

जाता जाता, तो "जुन्या राजहत्येचा ठपका" ही वेगळीच सुंदर गोष्ट आहे. इ.स.पू. ६०७ मध्ये जिनच्या राजाला झाओ छुआनने मारलं. प्रधान होता झाओ दुन, वूचा आजोबा. तो राजाच्या भीतीने पळाला होता, पण अजून सीमा ओलांडली नव्हती. दरबारी इतिहासकार दोंग हूने लिहिलं, "झाओ दुनने आपल्या राजाला मारलं." दुन म्हणाला, मी कुठे मारलं? दोंग हू म्हणाला, तुम्ही प्रधान, सीमेच्या आत होतात, परत येऊन खुन्याला शिक्षा केली नाहीत. मग तुमचं नाही तर कुणाचं नाव लिहू? कन्फ्युशियसने या दोंग हूला उत्तम इतिहासकार म्हटलंय.

आणि छी राज्यातली इ.स.पू. ५४८ ची हकिगत तर याहून वरची. त्सुई झू या मंत्र्याने राजाला मारलं. इतिहासकाराने लिहिलं, "त्सुई झूने आपल्या राजाला मारलं." त्याला ठार केलं. धाकट्या भावाने तेच लिहिलं, त्याला मारलं. त्यानंतरच्या भावालाही. चौथ्यानेही तेच वाक्य लिहिलं, तेव्हा त्सुई झूने हात टेकले. तिकडे दक्षिणेकडचा एक इतिहासकार, सगळे मारले गेले असं ऐकून, स्वतःच्या बांबूच्या पट्ट्या घेऊन निघाला होता. नोंद झाल्याचं वाटेत कळलं तेव्हा तो मागे फिरला.

खट्याळ

आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला तो चौथा भाऊ हवा होता.

मोरपंखी

खट्याळ :)
मला तर तो अर्ध्या वाटेतून परत गेलेला माणूस सगळ्यात आवडला. मरायला निघाला होता, शांतपणे.

पानगळ

शिलालेख म्हणतात की सिमा छियेनला ती गोष्ट सोडवेना. का सोडवेना, हे मला त्याच्या आयुष्यात दिसतं.

त्याचे वडील सिमा तान हेही दरबारी इतिहासकार. इ.स.पू. ११० मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी मुलाचा हात धरून सांगितलं, माझं अपुरं काम पूर्ण कर. पुढे इ.स.पू. ९९ मध्ये ली लिंग हा सेनापती श्योंगनू टोळ्यांशी थोड्या फौजेनिशी लढून शेवटी शरण गेला. दरबारात सगळे त्याच्यावर तुटून पडले. सिमा छियेन एकटा त्याच्या बाजूने बोलला. सम्राट वू खवळला. शिक्षा ठरली, आणि ती टाळायला द्यायचा दंड त्याच्याकडे नव्हता. त्याला खच्ची करण्यात आलं.

त्या काळच्या कुठल्याही मानी माणसाने यापेक्षा स्वतःचा जीव घेतला असता, तशीच अपेक्षा होती. त्याने घेतला नाही. रेन आन या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने कारण दिलंय. प्रत्येकाला एकदा मरायचंच आहे, पण कुणाचं मरण ताई पर्वताहून जड असतं, तर कुणाचं पिसाहून हलकं. ग्रंथ अपुरा होता म्हणून तो अपमानात जगला. आणि १३० प्रकरणं, पाच लाखांवर अक्षरं पूर्ण केली.

आता परत वाचा: "मरणं सोपं. पोर वाढवणं अवघड." हे वाक्य लिहिणारा माणूस रोज लोकांच्या नजरा झेलत एक पोर वाढवतच होता. झुओझुआनमधली कोरडी नोंद त्याला पुरली नसणार. मी चेंग यिंगकडे त्या पत्राच्या उजेडातच पाहते, आणि मला तो पूर्ण पटतो.

गोदाकाठ

पानगळ, याच्यासाठीच धागा काढला होता. धन्यवाद.

ओवी

पानगळ, फार सुंदर लिहिलंयस. पण सिमा छियेनने स्वतःचं शरीर दिलं. दुसऱ्याचं बाळ नाही दिलं. हा फरक मी सोडणार नाही.

हुआंगपूकाठ

नमस्कार, कामानिमित्त काही वर्षं शांघायमध्ये आहे. ही गोष्ट इथे ऑपेरात जिवंत आहे. एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांबरोबर मी पाहिली, ते प्रत्येक ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

ओवी, तुमच्यासाठी एक सांगतो. युआन नाटकात चेंगच्या बायकोला रंगमंचावर जागाच नाही. पेकिंग ऑपेरात मात्र ती येते, आणि मूल द्यायला साफ नकार देते. चेंग तिच्यासमोर गुडघे टेकतो, गोंगसुन विनवतो, ती ऐकत नाही. प्रेक्षक चेंगच्या गाण्याला दाद देतात, पण त्या नकाराच्या वेळी सभागृह गप्प होतं.

या खेळाशी आणखी एक नाव जोडलेलं आहे, मंग श्याओदोंग. बाई, पण पोक्त पुरुषांच्या भूमिका करायच्या, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९४७ साली शांघायमध्ये त्यांनी चेंग यिंग उभा केला आणि त्यानंतर रंगमंचावर पुन्हा गायल्या नाहीत.

सुपारी

बालगंधर्वांच्या नेमकं उलट!

रानवारा

सगळं रडवणारंच चाललंय. गवताच्या होड्यांची गोष्ट सांगू का? तीन राज्यांच्या कादंबरीतली. लाल कड्यांच्या लढाईआधी, म्हणजे इ.स. २०८, झुगे लियांग या चतुर सल्लागाराला दहा दिवसांत एक लाख बाण आणून दे असं फर्मावतात, तो स्वतःच म्हणतो तीन दिवस पुरेत. तो दाट धुक्यात होड्यांवर गवताचे भारे रचून शत्रू छाओ छाओच्या तळासमोर नगारे वाजवत जातो. तिकडून बाणांचा पाऊस. एक बाजू भरली की होड्या वळवून दुसरी बाजू पुढे. उजाडताना "बाणांबद्दल आभारी आहोत" असं ओरडून परत.

शिलालेख

आणि हेही झुगे लियांगने केलेलं नाही, रानवारा :) जुन्या नोंदीत इ.स. २१३ मध्ये सुन छुआन मोठ्या नावेतून शत्रूची पाहणी करायला गेला. इतके बाण रुतले की नाव एका अंगाला कलली. त्याने नाव वळवली, दुसऱ्या बाजूलाही बाण घेतले आणि तोल सावरून घरी आला. बाण मिळवायला तो गेलाच नव्हता. कादंबरीने अपघाताची युक्ती केली आणि श्रेय लाडक्या नायकाला दिलं.

खट्याळ

शिलालेख असताना कुणीही गोष्ट सांगू नये. वानरराजा सुन वुकोंग म्हणजे आपला मारुतीच, हे तरी खरं राहू द्या.

शिलालेख

त्यावर चीनमध्येच दोन तट आहेत. हू श नावाच्या विद्वानाला हनुमानाची छाया दिसली. लू शुनच्या मते मूळ चिनी दंतकथेतला जलराक्षस आहे. मला स्वतःला दोन्ही धागे एकत्र विणले गेले असावेत असं वाटतं.

मोरपंखी

वानर जाऊ दे, त्याचा गुरू तर आपल्याकडे खरंच येऊन गेलाय! वानरराजाच्या कादंबरीत ज्याला सम्राट वाजतगाजत पाठवतो, तो खरा ह्युएन त्संग परवानगीशिवाय, लपतछपत सीमेपार गेला होता. परतला इ.स. ६४५ मध्ये, ६५७ ग्रंथ घेऊन. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. डोंगरातल्या ज्या विहाराचं त्याने वर्णन केलंय, दाराबाहेर दोन्ही अंगांना दगडी हत्ती, ते अजिंठ्याचं मानतात.

आपल्या लोकांबद्दल त्याने लिहिलंय ते या धाग्याला धरून आहे. साधे पण मानी, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात, दोघं शस्त्रं घेतात, मग लढतात. नाटकातल्या चेंग यिंगने वीस वर्षं गुपित ठेवलं, आपले लोक आधी निरोप धाडायचे!

चकोर

सुडावरून यु रांग आठवला. झाओ वूचा पणतू झाओ श्यांगझी. त्याने इ.स.पू. ४५३ मध्ये झी बो या सरदाराला हरवून मारलं आणि त्याच्या कवटीचं पेयपात्र केलं. झी बोच्या पदरच्या यु रांगने सूड घ्यायची शपथ घेतली. ओळखू येऊ नये म्हणून अंगाला लाख फासून कातडी नासवून घेतली, कोळसा गिळून आवाज घालवला. बायकोनेही ओळखलं नाही. पुलाखाली दबा धरून बसला, पण श्यांगझीचा घोडा बुजला आणि तो पकडला गेला. त्याने एकच मागितलं: तुमचा अंगरखा द्या. श्यांगझीने दिला. यु रांगने त्यावर तलवारीचे वार केले आणि मग स्वतःवर.

चेंग यिंगने वाचवलेल्या रोपट्याची ही फांदी. इ.स.पू. ४०३ मध्ये जिनची तीन शकलं झाली, त्यातलं एक झाओ राज्य. दुसरं हान, म्हणजे त्याच हान ज्युएच्या वंशजांचं. ओवी विचारते की ते बाळ कशासाठी मेलं. एका राज्यासाठी, ज्याच्या धन्याने शत्रूच्या कवटीतून दारू प्यायली.

पानगळ

चकोर, हा अन्याय आहे. पणतूच्या वागण्याचा जाब चेंगला कसा विचारणार?

जुना_वाचक

मूळ प्रश्नाकडे येतो. जी जुनश्यांगने नाटक लिहिलं त्या काळाचा विचार करा. मंगोलांआधी राज्य करणाऱ्या सोंग सम्राटांचं आडनाव झाओ. या घराण्याने चेंग यिंग आणि गोंगसुनला मरणोत्तर सरदारक्या देऊन त्यांचं देऊळ उभारलं होतं. १२७९ मध्ये यामेनच्या समुद्री लढाईत मंगोलांनी सोंगांना संपवलं, तेव्हा लू श्यूफू या मंत्र्याने शेवटच्या बालसम्राटाला, झाओ बिंगला, पाठीवर घेऊन समुद्रात उडी टाकली. जेमतेम सात-आठ वर्षांचं पोर. त्या मुलाला वाचवायला कुणी चेंग यिंग आला नाही. त्यानंतरच्या प्रेक्षकांसमोर रंगमंचावर झाओंचा अनाथ वाचतो, हे पाहताना लोकांना काय झालं असेल! काही अभ्यासक नाटक असंच वाचतात आणि मला ते पटतं. चेंग बरोबर की चूक, यापेक्षा त्या लोकांना तो हवा होता.

गोदाकाठ

इतकं वाचल्यावर माझं मत सांगतो. मला चेंग पटतो, आणि त्याचा शेवट हाच त्याच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. घराण्याला पुन्हा वैभव आल्यावर तो सुखाने जगू शकला असता. त्याने हिशेब चुकता केला.

ओवी

कुणाचा हिशेब, गोदाकाठ? तुम्हीच लिहिलेलं वाक्य परत पाहा. "खाली जाऊन झाओ दुन आणि गोंगसुनला कळवायला हवं." खाली ते बाळही आहे. त्याला कळवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

शिलालेख

मूळ पाठातही दोनच नावं आहेत, मी आत्ता काढून पाहिलं. पुढे झाओ वूने चेंगसाठी तीन वर्षं सुतक पाळलं आणि दर वसंतात व शरदात पूजा लावून दिली, तीही फक्त चेंगसाठी.

हुआंगपूकाठ

म्हणूनच मला ऑपेरातली ती बायको हवी वाटते. पुढच्या महिन्यात खेळ लागतोय, पाहून आलो की तिच्या तोंडची गाणी इथे मराठीत लिहून टाकतो.

ओवी

नक्की लिहा. वाट पाहते.